शासकीय कर्मचाऱ्यांतील ज्ञानाची देवाणघेवाण व तिच्यामागील प्रेरणा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

शासकीय कार्यालयातून कर्मचारी सेवानिवृत्त होतो तेव्हा निरोपाचा समारंभ होतो, शाल व श्रीफळ दिले जाते आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीवर देणारा व घेणारा अशा दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत नस्त्या, नोंदवह्या, शिक्के व कपाटाच्या किल्ल्या यांची नोंद असते. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत त्या कर्मचाऱ्याने जे आत्मसात केले त्याची नोंद मात्र कोणत्याही यादीत नसते. कोणत्या गावातील कोणत्या गटाचा वाद मुळात कशावरून उद्भवला, एखाद्या शासन निर्णयात पुढे कोणत्या सुधारणा झाल्या, निवृत्तिवेतनाचे प्रकरण महालेखापाल कार्यालयातून कोणत्या त्रुटीसाठी परत येते, जुने दप्तर नेमके कोणत्या कपाटात आहे, हे सारे तो आपल्याबरोबर घरी घेऊन जातो. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला तेच सर्व पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. या शिकण्याची किंमत कर्मचारी देत नाही. एका उताऱ्यासाठी तालुक्याच्या गावी चार खेपा घालणारा शेतकरी ती देतो.

व्यवस्थापनशास्त्रात 'ज्ञान व्यवस्थापन' या संकल्पनेचा विचार गेली तीन दशके होत आहे. तो प्रामुख्याने खाजगी उद्योगांच्या संदर्भात झाला. शासकीय कार्यालयात नफा नसतो, बाजारातील स्पर्धा नसते, वेतन व पदोन्नती नियमांनी बांधलेली असते. अशा ठिकाणी एका कर्मचाऱ्याने आपल्याजवळचे ज्ञान दुसऱ्यास का द्यावे, आणि तो ते का देत नाही, हा प्रश्न स्वतंत्र विचारास पात्र आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा बीड जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

शासकीय कामकाजातील ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करणे, ज्ञानाच्या देवाणघेवाणीतील अडथळे व प्रेरक घटक यांची मांडणी करणे आणि व्यवहार्य उपाय सुचविणे ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी अधिनियम, शासकीय कार्यपद्धती, प्रसिद्ध घटना व पूर्वीचे संशोधन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. रोख बक्षिसाचा मोह कर्मचाऱ्याला बोलते करीलच असे नाही. आपल्याला कोणी विचारले, सांगितल्याबद्दल आपण अडचणीत येणार नाही आणि सांगितलेल्या गोष्टीचे श्रेय आपल्या नावावर राहील, या तीन गोष्टींची खात्री त्याला बोलते करते, अशी या लेखाची मध्यवर्ती मांडणी आहे.

माहिती, ज्ञान व सुप्त ज्ञान

माहिती व ज्ञान हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांत फरक आहे. गाव नमुना सात-बारावरील नोंद ही माहिती होय. ती नोंद कोणत्या फेरफारामुळे आली, त्या फेरफारास कशाचा आधार होता आणि आज तिच्यावर आक्षेप आल्यास काय करावे, हे कळणे म्हणजे ज्ञान होय. मायकेल पोलानी यांनी १९६६ मध्ये सुप्त ज्ञानाची कल्पना सविस्तर मांडली. माणसाला जितके सांगता येते त्याहून अधिक त्याला कळत असते, असे तिचे सार आहे. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये सुप्त ज्ञानाचे व्यक्त ज्ञानात व व्यक्त ज्ञानाचे पुन्हा सुप्त ज्ञानात रूपांतर कसे होते याचे प्रतिमान दिले. त्यांच्या मते सुप्त ज्ञान प्रथम सहवासातून संक्रमित होते. कागद नंतर येतो.

महाराष्ट्राच्या शासकीय कार्यालयांत व्यक्त ज्ञान जतन करण्याची चांगली पद्धत पूर्वीपासून आहे. सहा गठ्ठे पद्धतीत कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे व नष्ट करावयाची प्रकरणे यांच्यासोबत 'स्थायी आदेश संचिका' हा एक स्वतंत्र गठ्ठा असतो. त्या विषयावरील सर्व शासन निर्णय व परिपत्रके एका जागी क्रमाने लावून ठेवावीत, म्हणजे नव्या कर्मचाऱ्यास ती मार्गदर्शक ठरावीत, हा तिचा हेतू होय. आजच्या परिभाषेत हे त्या टेबलाचे ज्ञानभांडारच आहे. त्याही पूर्वी कारकुनांना लेखन व हिशेब शिकविणारी 'मेस्तके' मराठी दप्तरांत होती. तेव्हा ज्ञान लिहून ठेवण्याची कल्पना आपल्या प्रशासनास परकी नाही. उणीव आहे ती लिहिण्याची इच्छा टिकविणाऱ्या व्यवस्थेची.

बीड जिल्ह्याची प्रशासकीय पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात अकरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या घरात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. या इतिहासाचा येथील दप्तरावर खोल ठसा आहे. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यकारभाराची भाषा म्हणून फारसीची जागा उर्दूने घेतली, गावपातळीवरील मराठी लेखन मोडी लिपीत होत राहिले. त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या महसुली अभिलेखांत उर्दू, फारसी व मोडी या तिन्हींचा संबंध येतो. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० आणि इनामांच्या निर्मूलनाचा १९५४ चा कायदा यांमुळे येथील जमिनींच्या प्रकरणांचे स्वरूपही पश्चिम महाराष्ट्राहून वेगळे आहे. पुण्याकडून बदलून आलेल्या अनुभवी अधिकाऱ्यासही येथे अनेक गोष्टी नव्याने समजून घ्याव्या लागतात.

पूर्वी पटवाऱ्याचे पद बहुधा वंशपरंपरेने चाले. दप्तराचे ज्ञान घराण्यात राही, बापाकडून मुलाकडे जाई. त्या व्यवस्थेत पिळवणुकीस वाव होता, म्हणून ती जाणे योग्यच होते. तिच्या जागी वेतनधारी तलाठी आला (२०२४ मध्ये या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले). २००५ च्या बदली अधिनियमाने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरविला. नियमित बदलीमुळे हितसंबंध रुजत नाहीत हे खरे, परंतु तीन वर्षांत मिळविलेले स्थानिक ज्ञान बदलीबरोबर निघून जाते हेही तितकेच खरे. घराण्याकडून कार्यालयाकडे सत्ता आली, परंतु ज्ञान घराण्यातून निघाले ते कार्यालयात पोहोचलेच नाही. ते व्यक्तीजवळ थांबले.

जुन्या दप्तराचा धडा

ज्ञान थांबल्याचे परिणाम सप्टेंबर २०२३ मध्ये संपूर्ण मराठवाड्याने अनुभवले. मराठा समाजातील अर्जदारांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या असे नाना प्रकारचे अभिलेख तपासावे लागले. बीडसह मराठवाड्यातील जिल्ह्यांत अभिलेख कक्ष उघडले गेले आणि पहिली अडचण उभी राहिली ती वाचण्याची. मोडी व उर्दू जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला आणि बाहेरच्या जाणकारांचे साहाय्य घ्यावे लागले.

आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, प्रशासनाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ स्पष्ट आहे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली, हे उचितच होते. परंतु जुने दप्तर वाचता येणे ही कोणत्याही पदाची आवश्यक अर्हता उरली नाही. निजामकालीन लिखाण वाचू शकणाऱ्या पिढीने हे कौशल्य पुढे देण्यास नकार दिला, असे म्हणण्यास आधार नाही. त्या पिढीस ते कौशल्य पुढे देण्याची संधी व्यवस्थेने मुद्दाम निर्माण केली नाही, हे मात्र दिसते. ज्ञानाची मागणी नसली की ते देण्याची प्रेरणाही हळूहळू नाहीशी होते. गरज भासली तेव्हा वेळ निघून गेलेली असते. म्हणून 'आपल्याला विचारले जाणे' ही ज्ञान देण्याची पहिली प्रेरणा मानावी लागते.

ज्ञान न सांगण्याची कारणे

सांगत नाही तो स्वार्थी, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य नाही. कॅथरिन कॉनेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ज्ञान लपविण्याचे तीन प्रकार सांगितले: अपुरे किंवा भलतेच उत्तर देऊन वेळ मारून नेणे, आपल्याला माहीतच नाही असे भासविणे आणि सांगता येत नाही याचे कारण देऊन नकार देणे. हे तिन्ही प्रकार शासकीय कार्यालयात ओळखीचे आहेत. त्यांच्यामागील कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१. महत्त्व कमी होण्याची भीती : 'त्यांच्याशिवाय ते टेबल चालत नाही' असे ज्याच्याविषयी म्हटले जाते त्याला कार्यालयात मान असतो. पदोन्नती ज्येष्ठतेने मिळते, वेतनवाढ नियमाने मिळते. अशा स्थितीत वेगळेपणाची एकच खूण उरते, ती म्हणजे इतरांना न येणारे काम येणे. ती खूण स्वेच्छेने सोडावी असे वाटणे कठीण आहे.

२. जबाबदारीची भीती : शासकीय काम लेखी असते आणि चौकशी वर्षानंतरही होऊ शकते. तोंडी सल्ला दिला आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर सल्ला देणारा अडचणीत येतो. गप्प राहणाऱ्यास मात्र कोणी जाब विचारत नाही. 'मला नीट ठाऊक नाही, वरिष्ठांना विचारा' हे उत्तर त्यामुळे सर्वांत सुरक्षित ठरते.

३. कामाचा वाढता भार : ज्याला काम येते त्याच्याकडेच काम येते, हा कार्यालयातील अलिखित नियम आहे. संगणकाची एखादी प्रणाली चांगली येते असे एकदा कळले की शेजारच्या चार टेबलांचे काम त्याच कर्मचाऱ्याकडे वळते. रिक्त पदे असतील तर हा भार आणखी वाढतो. ज्ञान उघड करणे ही मग शिक्षा ठरते.

४. श्रेणीव्यवस्था : गावाची शीव, जुने रस्ते, वहिवाटीचे वाद यांची खडानखडा माहिती कोतवालास असते. परंतु श्रेणीत तो अगदी तळाशी असल्याने त्याला बैठकीत बोलावले जात नाही. ज्ञान खालून वर जाण्याचा मार्गच बंद असेल तर प्रेरणेचा प्रश्न उद्भवत नाही.

५. गुप्ततेची सवय : १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमापासून माहिती बाहेर जाऊ न देणे हा नोकरशाहीचा संस्कार राहिला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने नागरिकासाठी दार उघडले. कार्यालयातील एका कक्षाने दुसऱ्या कक्षास आपणहून काही सांगावे, ही सवय मात्र कायद्याने लागत नाही.

६. अनुचित हितसंबंध : काही ठिकाणी प्रक्रियेविषयीचे अज्ञान टिकविण्यातच कोणाचा तरी लाभ असतो. नागरिकास व नव्या कर्मचाऱ्यास मार्ग माहीत झाला तर मध्यस्थाची गरज उरत नाही. हे कारण नाकारण्यात अर्थ नाही, परंतु सर्व मौनाचे तेच एकमेव कारण मानणेही अन्यायाचे ठरेल.

ज्ञान देण्यास प्रवृत्त करणारे घटक

१. लोकसेवेची भावना : जेम्स पेरी व लोईस वाइज यांनी १९९० मध्ये 'लोकसेवा प्रेरणा' ही संकल्पना मांडली. शासकीय सेवेत येणाऱ्या अनेकांना समाजोपयोगी कार्याचे स्वाभाविक आकर्षण असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपण सांगितलेल्या गोष्टीमुळे एखाद्या विधवेचे संजय गांधी निराधार योजनेचे प्रकरण मार्गी लागले हे दिसले, की सांगण्याचे समाधान मिळते. येथे 'दिसणे' महत्त्वाचे आहे. नस्ती पुढच्या टेबलावर गेल्यावर तिचे काय झाले हे कधीच कळत नसेल तर ही भावना मंदावते.

२. परस्परता : आज आपण सांगितले तर उद्या आपल्याला सांगितले जाईल, हा विश्वास सर्वांत दैनंदिन प्रेरक आहे. महसूल विभागातील दुय्यम सेवा परीक्षा व महसूल अर्हता परीक्षा यांची तयारी कर्मचारी बहुधा एकमेकांच्या टिपणांवर करतात. या परीक्षा अर्हतेच्या आहेत. एकाच्या उत्तीर्ण होण्याने दुसऱ्याची जागा जात नाही. जेथे दुसऱ्याच्या लाभात आपली हानी नसते तेथे ज्ञान सहज वाहते, हे यावरून लक्षात येते.

३. सहकाऱ्यांकडून मिळणारी मान्यता : सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटातील जिल्हा परिषद शाळांमध्ये तत्कालीन विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग झाला. तो पाहण्यासाठी राज्यभरातील शिक्षक तेथे येऊ लागले. भेटीस आलेल्या शिक्षकास तेथील शिक्षक आपला वर्ग दाखवितो तेव्हा त्याला कोणताही भत्ता मिळत नाही. त्याच्या कामाची कदर करणारा माणूस त्याच व्यवसायातील असतो, हीच त्याची प्राप्ती होय.

४. नाव राहणे : महसूल खात्यातील काही अधिकाऱ्यांनी आपले ज्ञान स्वतःहून लिहून ठेवले आहे. शेखर गायकवाड यांनी जमीन व्यवहारातील प्रकरणे गोष्टीच्या रूपाने मांडली. डॉ. संजय कुंडेटकर यांनी महसूल कायद्यावर कर्मचाऱ्यांना उपयोगी पडेल असे विपुल लेखन केले. ई-फेरफार प्रकल्पाचे राज्य समन्वयक म्हणून काम करताना रामदास जगताप यांनी तलाठ्यांच्या अडचणींवरील मार्गदर्शन ब्लॉगच्या माध्यमातून सर्वांस खुले केले. या तिघांच्या लेखनात एक समान सूत्र आहे. ते लेखन त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे आणि बदली झाली तरी ते नाव त्यावरून पुसले जात नाही. परिपत्रकाचा मसुदा तयार करणाऱ्या लिपिकाच्या वाट्याला हे समाधान येत नाही.

५. कार्यालयप्रमुखाचे वर्तन : जो अधिकारी बैठकीत स्वतः 'हे मला माहीत नाही, समजावून सांगा' असे म्हणू शकतो, त्याच्या कार्यालयात कनिष्ठांचे बोलणे वाढते. चूक सांगणाऱ्यास जेथे प्रथम खुलासा मागितला जातो, तेथे चुका लपतात आणि त्यांच्यासोबत ज्ञानही लपते.

बक्षिसाचा प्रश्न

प्रेरणेचा विषय निघाला की रोख पारितोषिक सुचविले जाते. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच वेतनादी घटक व खरे प्रेरक घटक यांत भेद केला होता. ज्ञानाच्या देवाणघेवाणीबाबत दक्षिण कोरियातील १५४ व्यवस्थापकांवर आधारित बॉक व सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास उल्लेखनीय आहे. बाह्य बक्षिसाच्या अपेक्षेचा ज्ञान देण्याविषयीच्या अनुकूल वृत्तीवर विपरीत परिणाम आढळला, तर परस्परसंबंध दृढ होण्याच्या अपेक्षेचा अनुकूल परिणाम आढळला. याउलट सुनही किम व ह्यांगसू ली यांच्या २००६ मधील अभ्यासात त्याच देशातील सार्वजनिक क्षेत्रात कार्याधारित बक्षीस व्यवस्थेचा ज्ञान देण्याच्या क्षमतेशी अनुकूल संबंध दिसून आला.

हे दोन निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत ठरविणे वेगळे आणि एकूण कामगिरीचे न्याय्य मूल्यमापन होणे वेगळे. शेजाऱ्याने रस्ता विचारला असता पैसे देऊ केले तर सांगणाऱ्यास अपमान वाटतो. त्याच शेजाऱ्याने चार लोकांत त्याचा उपकार सांगितला तर बरे वाटते. शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीतही याहून वेगळे घडत नसावे.

ऊसतोड हंगाम : विभागांच्या सीमेवरील ज्ञान

आतापर्यंतचा विचार एका कार्यालयापुरता झाला. बीड जिल्ह्यात ज्ञानाची खरी कसोटी विभागांच्या सीमेवर लागते. दिवाळीच्या सुमारास येथील लक्षावधी ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि सुमारे पाच-सहा महिन्यांनी परततात. कोणत्या वस्तीवरील कोणती गर्भवती स्त्री टोळीबरोबर जाणार हे आशा स्वयंसेविकेस ठाऊक असते. कोणते मूल आजीपाशी राहणार व कोणते फडावर जाणार हे शिक्षकास कळते, कारण हंगामी वसतिगृहाची यादी त्यावरच ठरते. कोणते बाळ वजनाने कमी आहे हे अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत असते. कोणत्या घरास कुलूप लागले हे ग्रामपंचायतीस समजते. या चौघांचे वरिष्ठ चार वेगळ्या साखळ्यांतील आहेत आणि चौघांचे अहवाल चार वेगळ्या नमुन्यांत वर जातात.

ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. गावपातळीवर एकेक शस्त्रक्रिया कोणाला ना कोणाला माहीत असणे आणि जिल्ह्याचे एकत्रित चित्र दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटे ज्ञान जुळले नाही तर त्याचा उपयोग होत नाही. ते जुळविण्यासाठी कोणाला तरी पहिला प्रश्न विचारावा लागतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, आशा व अंगणवाडी सेविका या नियमित शासकीय कर्मचारी नसून मानधनावर काम करतात. ज्यांच्याजवळ सर्वाधिक ज्ञान आहे त्यांनाच व्यवस्थेत सर्वांत कमी स्थान आहे. अशा स्थितीत केवळ प्रेरणेच्या गोष्टी करणे अपुरे ठरते. दुसरी अशी की, एखाद्या स्त्रीच्या प्रकृतीविषयीची माहिती ही तिची खाजगी बाब आहे. ती सर्वांच्या मोबाइलवरील गटात टाकणे म्हणजे ज्ञानाची देवाणघेवाण नव्हे. कोणाला काय व किती सांगावे याची मर्यादा आधी ठरलेली असावी. मर्यादा स्पष्ट असेल तर सांगणाऱ्याचीही भीती कमी होते.

काही उपाय

१. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीस दोन-तीन पानांचे अनुभव-टिपण जोडणे अनिवार्य करावे. प्रलंबित वादग्रस्त प्रकरणे, वारंवार होणाऱ्या चुका, जुन्या अभिलेखांचे ठिकाण व ज्यांना विचारता येईल अशा सहकाऱ्यांची नावे एवढे त्यात असले तरी पुरेसे आहे.

२. स्थायी आदेश संचिका तपासणीच्या दिवसापुरती न राहता अद्ययावत ठेवावी. प्रत्येक शासन निर्णयासमोर त्यातील पुढील सुधारणेची नोंद असावी आणि ती करणाऱ्याची आद्याक्षरी व दिनांक असावा.

३. सेवानिवृत्तीचा दिनांक कित्येक वर्षे आधी ठाऊक असतो. अशा कर्मचाऱ्याच्या हाताखाली त्याचा उत्तराधिकारी किमान काही आठवडे बसेल अशी योजना करावी. सुप्त ज्ञान सहवासाने येते, यादीने येत नाही.

४. सहकाऱ्यास सद्भावनेने केलेले मार्गदर्शन आणि प्रकरणातील अंतिम निर्णय यांची जबाबदारी वेगळी असल्याचे कार्यालयीन आदेशाने स्पष्ट करावे. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ५ मध्ये माहिती अधिकाऱ्याने साहाय्य मागितल्यास इतर अधिकाऱ्याने ते देणे बंधनकारक केले आहे. साहाय्य मागण्याचा अधिकार व देण्याचे कर्तव्य कायद्यात बसविता येते याचे हे उदाहरण होय. मात्र तेथे कसूर केल्यास दंड आहे. येथे साहाय्य करणाऱ्यास संरक्षण हवे.

५. तालुका पातळीवरील मासिक बैठकीत अर्धा तास एका प्रकरणास द्यावा. ते ज्याने हाताळले त्याच्याच तोंडून सहकाऱ्यांनी ते ऐकावे, मग तो महसूल सहायक असो वा कोतवाल. ज्युलियन ऑर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यंत्रदुरुस्ती करणारे तंत्रज्ञ पुस्तिकेपेक्षा एकमेकांच्या हकिकतींतून अधिक शिकतात असे दाखविले आहे.

६. कार्यमूल्यमापन अहवालात सहकाऱ्यांना केलेल्या मार्गदर्शनाची दखल घेतली जावी. ज्याला अधिक येते त्याच्यावर इतरांचे काम कायमचे ढकलले जाणार नाही, याची काळजी कार्यालयप्रमुखाने घ्यावी.

७. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी या कामात वाटा उचलावा. इतिहास व उर्दू विभागांनी अभिलेख कक्षाच्या सहकार्याने मोडी व उर्दू दस्तऐवज वाचनाचे छोटे अभ्यासक्रम चालविल्यास कर्मचारी व विद्यार्थी दोघांचा लाभ होईल. लोकप्रशासन व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्या लिहून काढण्याचे प्रकल्प देता येतील. ज्यांना सेवेत असताना कोणी विचारले नाही, त्यांना निवृत्तीनंतर तरी कोणी विचारील.

समारोप

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठक व्यवस्था, अभिलेख व कार्यपद्धती यांची फेररचना केली आणि ती 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. अभिलेखांची मांडणी बदलली की काम बदलते हे त्या प्रयोगाने दाखविले. आता त्याच्या पुढची पायरी माणसाच्या मनातील अभिलेखांची आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये मंजूर केलेल्या 'मिशन कर्मयोगी'सारख्या उपक्रमांनी प्रशिक्षण संगणकावर आणले आहे, त्याचा उपयोग आहेच. परंतु आष्टी तालुक्यातील एखाद्या गावच्या शिवेचा वाद कोणत्याही संगणकीय अभ्यासक्रमात नसतो. तो तेथे बारा वर्षे काम केलेल्या माणसाच्या स्मरणात असतो.

तो माणूस सांगण्यास तयार नसतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत विवेचनावरून असे म्हणता येईल की, बहुतेक वेळा त्याला आदराने विचारलेले नसते, सांगितल्यास संरक्षण नसते आणि सांगून झाल्यावर त्याचे नाव राहत नाही. या तीन गोष्टी करण्यास फार मोठी आर्थिक तरतूद लागत नाही. कार्यालयप्रमुखाची वृत्ती व थोडी शिस्त लागते. निरोपाच्या समारंभात शाल व श्रीफळ देण्यापूर्वी त्या कर्मचाऱ्यासमोर बसून 'तुम्हाला जे ठाऊक आहे ते आम्हाला सांगा' असे म्हणण्याची प्रथा पडली, तर कार्यभार हस्तांतरणाची यादी प्रथमच पूर्ण होईल.